खोडलेल्या राणीचं वजन

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहात ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ नावाचं एक फारसी हस्तलिखित आहे. आफताबी नावाच्या कवीने अहमदनगरच्या पहिल्या हुसेन निजामशहाच्या स्तुतीत ते रचलं. तालिकोटची लढाई १५६५च्या जानेवारीत झाली, विजयनगरचा रामराय तिथे पडला, आणि पाचेक महिन्यांत हुसेनही वारला. हस्तलिखित त्याच सुमाराचं, १५६५ ते १५६९ या काळातलं मानतात. त्यातली बारा चित्रं आज उरली आहेत. दख्खनच्या दरबारी चित्रकलेचे जे अगदी जुने पुरावे आपल्या हाती आहेत, त्यांत ही बारा चित्रं येतात.

युद्ध आहे, रामरायाचा शिरच्छेद आहे, लग्न आहे, सिंहासन आहे. मामला स्तुतीचा, त्यामुळे हे सगळं अपेक्षितच. अपेक्षित नाही ते राणीचं स्थान. खुंजा हुमायून ही हुसेनची राणी. कवीने तिच्या रूपाचं वर्णन हात सैल सोडून केलंय आणि चित्रकाराने तिला राजाच्या शेजारी, राजाच्या बरोबरीने बसवलंय. सोळाव्या शतकातल्या मुसलमानी दरबारात राणीचं चित्र असं उघडपणे काढणं विरळाच. नंतर कधीतरी कुणीतरी कुंचला घेऊन या पोथीला बसलं आणि बऱ्याच चित्रांतली राणी रंगाने बुजवून टाकली.

हुसेनच्या मागे मुलगा मुर्तझा गादीवर आला तो अल्पवयीन. कारभार खुंजा हुमायून पाहू लागली. १५६९च्या सुमारास मुर्तझाने आईला कैद केलं. पुसण्याचं काम त्यानंतरच झालं असणार, असा अभ्यासकांचा तर्क आहे आणि तो पटण्यासारखा आहे. पण या प्रकरणात आपल्याला राजकारणाशी कर्तव्य नाही. आपल्याला पाहायचंय ते हे, की चित्रातून एक माणूस काढून घेतलं की उरलेल्या चित्राचं काय होतं. कलाशाळेत समतोल शिकवताना फळ्यावर डावीकडे एक चौकोन आणि उजवीकडे एक वर्तुळ काढतात. त्यापेक्षा विद्यार्थ्यांना ही बारा चित्रं दाखवावीत, असं मला फार वाटतं. तयार चित्रातली मुख्य आकृती पुसून टाकण्याचा प्रयोग शहाणा माणूस करणार नाही. इथे तो साडेचारशे वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्यासाठी करून ठेवलाय.

राजा आपल्या जागी आहे. शेजारची जागा मात्र आता एका डागाने भरलीय. आजूबाजूचं सगळं, म्हणजे माणसं, आसन, कमानी, ती जागा भरलेली आहे असं धरूनच बेतलेलं होतं. एका बाजूला इतका ऐवज ठेवला तर दुसऱ्या बाजूला इतका हवा, हा हिशेब चित्रकाराने केलेला होता. त्या हिशेबातली एक मोठी रक्कम खोडली गेली. आता राजा मधोमध नाही आणि कडेलाही नाही. तो कुणासाठी तरी सरकून बसलाय, असा दिसतो. नीट पाहणाऱ्याला राणी त्याच्या बसण्यावरूनच कळते.

चित्रातल्या गोष्टींना वजन असतं म्हणजे काय, हे आता सांगायला हवं. कागदावरचा रंग काट्यावर ठेवला तर काही भरणार नाही. तरीही डोळा प्रत्येक आकाराला काहीएक भार देतो, आणि त्यात बऱ्यापैकी सातत्य असतं. मोठा आकार लहानापेक्षा जड. गडद फिक्यापेक्षा जड. तांबडा निळ्यापेक्षा जड. बारीक काम केलेला तुकडा सपाट तुकड्यापेक्षा जड. माणसाचा चेहरा तर सगळ्यांत जड. भिंतभर चित्रात कोपऱ्यात नखाएवढा चेहरा असला तरी नजर आधी तिथे जाते. रुडॉल्फ आर्नहाइम हा जर्मनीत जन्मलेला आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेला मानसशास्त्रज्ञ. त्याने १९५४ साली ‘आर्ट अँड व्हिज्युअल पर्सेप्शन’ या पुस्तकात या भारांची पद्धतशीर मांडणी केली. त्याचं पहिलंच उदाहरण साधं आहे. एक पांढरा चौकोन आणि त्यात एक काळी चकती. चकती अगदी मध्यावर असेल तर ती स्वस्थ वाटते. किंचित सरकवली की ती कुठेतरी निघाल्यासारखी दिसते, मध्याकडे परत यायला बघते किंवा कडेकडे ओढली जाते. हलत तर काहीच नसतं. ओढ पाहणाऱ्याच्या डोळ्यात असते.

यात भर घालणाऱ्या आणखी दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे मध्यापासूनचं अंतर. कावड घेऊन चालणारा माणूस आठवा. एका बाजूची घागर जड असली तर तो पाणी सांडून देत नाही. खांदा जड घागरीच्या जवळ सरकवतो आणि हलकी बाजू लांब जाऊ देतो. लांबवरची हलकी घागर जवळच्या जड घागरीला तोलून धरते. चित्रातही कडेला ठेवलेला लहानसा आकार मध्याजवळच्या मोठ्या आकाराला सहज पेलतो, म्हणून दोन्ही बाजूंना सारखं काही ठेवायची गरज पडत नाही. दुसरी गोष्ट एकटेपणाची. गर्दीतलं माणूस हलकं, मोकळ्या जागेत एकटं उभं असलेलं माणूस जड.

आता त्या डागाकडे पुन्हा बघा. रंगारंगांनी भरलेल्या पानावर एकच जागा अशी, जिथे रेघ नाही, नक्षी नाही, चेहरा नाही. साहजिकच नजर तिथेच जाऊन थडकते. पुसणाऱ्याला राणी नाहीशी करायची होती, आणि झालं असं, की पानावरचा सर्वांत जड भाग तीच होऊन बसली. चित्राला एखादं झाड किंवा एखादी दासी नव्याने जोडून तोल सावरता आला असता. तेवढी अक्कल किंवा तेवढी सवड त्या माणसाकडे नव्हती.

याच पोथीत ‘दोहदा’चं म्हणून ओळखलं जाणारं एक चित्र आहे. सुंदर स्त्रीच्या स्पर्शाने झाड फुलतं, हा आपल्याकडचा फार जुना संकेत. सांचीच्या शालभंजिकेपासून चालत आलेला. फारसी पोथीत, निजामशाही दरबारात तो येऊन पोचला, हेच मुळात मौजेचं आहे. वर इराणी धाटणीचं सोनेरी आकाश आणि उंचावर ओढलेलं क्षितिज, खाली चोळ्या घातलेल्या, गोंडे लावलेल्या लांब वेण्यांच्या दख्खनी बायका. क्षितिज उंच ओढलं की पानाचा खालचा मोठा भाग सपाट जमिनीसारखा मोकळा होतो. त्यात आकृत्या कुठेही मांडता येतात, कारण लांबची माणसं लहान आणि जवळची मोठी असा नियम उरत नाही. भार वाटायचा तो केवळ आकार, रंग आणि जागा यांच्या जोरावर. युरोपात त्याच शतकात यथादर्शनाने चित्रांची घरं बांधली जात होती. आपला चित्रकार त्या फंदात पडला नाही, आणि मला वाटतं त्यामुळे त्याचा हात तोलाच्या बाबतीत जास्त तयार राहिला.

आणखी एक बारकावा. फारसी पान उजवीकडून डावीकडे वाचलं जातं. फ्रेंच आणि हिब्रू वाचकांना चित्रं दाखवून केलेल्या एका अभ्यासात आढळलं, की प्रत्येकाला आपापल्या लिपीच्या दिशेने जाणारी चित्रं जास्त बरी वाटतात. देवनागरीच्या सवयीने आपण या पोथीतली चित्रं डावीकडून बघायला लागतो. ज्याच्यासाठी ती काढली होती तो उजवीकडून शिरत होता. तोल म्हणून आपण जे वाचतो, त्यात थोडी आपली बाराखडीही असते.

चित्रं पुण्यात गेली, इमारती मात्र नगरलाच राहिल्या. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं असलं, तरी एसटी स्टँडवर अजून ‘नगर, नगर’ असंच ऐकू येतं. निजामशाहीच्या वास्तुकारांना अष्टकोनाचं वेड होतं. अहमद निजामशहाने १४९० साली शहर वसवलं. त्याने शहराबाहेर बाग केली, त्या बागेचं नावच हश्त बिहिश्त, आठ स्वर्ग, आणि तिथल्या तळ्यातली इमारत अष्टकोनी. पुढे शहराच्या आग्नेयेला फराहबागेचा महाल उठला. तो १५८३ साली पुरा झाला. त्याच्याआधी तिथेच उभी राहिलेली इमारत मुर्तझाला पसंत पडली नाही, म्हणून ती पाडून त्याने आपला वजीर सलाबतखान याच्याकडून पुन्हा बांधून घेतली, असं सांगतात. आईला कैदेत टाकणारा मुर्तझा तो हाच. इमारतीच्या रूपाबद्दल तो चोखंदळ होता, एवढं तरी मान्य करायला हवं.

फराहबाग दिसायला कठीण नाही, समजायला आहे. चौकोन घ्या आणि त्याचे चारही कोपरे छाटा. चार लांब बाजू, चार आखूड बाजू. लांब बाजूच्या मधोमध एक उंच कमान, इमारतीच्या पूर्ण उंचीची, आणि तिच्या दोन्ही अंगांना एकावर एक लहान कमानी. आत मध्यभागी घुमटाचं दालन, तीस फुटांहून उंच. पुढचा दरवाजा कोणता, हे इमारत तुम्हाला सांगत नाही. कुठूनही आलात तरी तोच चेहरा समोर येतो. याला केंद्रानुसारी समतोल म्हणावं: रेघेच्या दोन बाजू सारख्या असण्याऐवजी एका बिंदूभोवतीच्या सगळ्या बाजू सारख्या.

ताजमहालाची कल्पना शहाजहानला इथे सुचली, असं नगरमध्ये अभिमानाने सांगतात. अभिमान समजू शकतो, पण त्याची गरज नाही. मध्ये दालन, भोवती आठ खोल्या आणि छाटलेले कोपरे ही मांडणी इराण आणि मध्य आशियातून दोन्हीकडे पोचली. दिल्लीतली हुमायूनची कबर फराहबागेच्या आधी, १५७०च्या सुमाराला उभी राहिली होती आणि तिथेही हेच बीज आहे. दोघांचं आजोळ एक, एवढंच.

फराहबागेचं जे हरवलंय ते बघायला उन्हाळ्यात जावं. महाल तळ्याच्या मधोमध बांधलेला. तळं आता बहुतेक कोरडंच असतं. पाणी होतं तेव्हा प्रत्येक कमानीखाली तिची उलटी कमान होती. उंच कमान दुप्पट उंच होत होती, आणि खालच्या बाजूला इमारत जिथे संपते तिथे जमिनीची रेघ नव्हती, तर एक आडवा अक्ष होता. पाणी गेल्यावर वरची अर्धी बाजू तेवढी उरली. तिच्या प्रमाणात काही खोट काढता येणार नाही, पण समोर उभं राहिलं की ती जमिनीत रुतल्यासारखी वाटते. गिलावा पडलाय, भिंतींना भेगा गेल्यात, पुरातत्त्व खातं त्यांची डागडुजी करेल किंवा करणार नाही. पण पाणी भरल्याशिवाय ही इमारत आपल्याला दिसणार नाही.

सलाबतखानाची स्वतःची कबर मात्र पाण्याच्या भरवशावर नाही. पाथर्डी रस्त्याने निघालं की शहाडोंगरावर ती दिसते, समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांवर, आठ बाजूंची, तीन मजल्यांची, सुमारे सत्तर फूट उंच. लोक तिला चांदबीबीचा महाल म्हणतात. चांदबीबी ही खुंजा हुमायूनचीच मुलगी. १५९५-९६ साली मोगलांच्या वेढ्यात तिने नगरचा किल्ला लढवला. या कबरीशी तिचा काही संबंध नाही. आईचा चेहरा चित्रातून गेला आणि लेकीचं नाव भलत्याच माणसाच्या कबरीला चिकटलं, असा हा न्याय.

डोंगरमाथ्यावरच्या इमारतीला पाठ असून चालत नाही. भोवतालच्या सगळ्या गावांना ती दिसते, आणि ज्या गावाच्या वाट्याला पाठ येईल ते नाराज. अष्टकोन हा त्यावरचा चोख तोडगा. नक्षी जवळजवळ नाहीच. मैलावरून नक्षी दिसत नाही, खळगे दिसतात. म्हणून प्रत्येक बाजूला मजल्यामागून मजला खोल कमानी. वर चढून गेलं की कबरीभोवतीच्या चौथऱ्यावरून एक फेरी जरूर मारावी, तीही कलत्या उन्हात. आठ बाजू सारख्या बांधल्या आहेत, पण ऊन त्यांना सारखं भेटत नाही. एक बाजू झगझगीत, तिच्या शेजारची मळकट, पुढची राखाडी, आणि पलीकडची कमान तर काळीभोर. काटेकोर सारखेपणाचा एक धोका असतो, पाहणारा दोन मिनिटांत कंटाळतो. इथे सूर्य तो सारखेपणा तासातासाला मोडत राहतो. वर्तुळाकार मनोरा असता तर उजेड सरकत सरकत गेला असता. अष्टकोनात तो कडेला आपटून तुटतो, म्हणून प्रत्येक बाजू स्वतंत्र कळते.

या सगळ्याच्या तीन-चारशे वर्षं आधीचे मूर्तिकार तोलाचा विचार ओळंब्याने करत होते. श्रीगोंदा तालुक्यात भीमेकाठी पेडगावच्या किल्ल्यात लक्ष्मीनारायणाचं देऊळ आहे, त्याच्या बाहेरच्या भिंतीवरच्या सुरसुंदरी पाहाव्यात. त्रिभंगात मान एकीकडे, कंबर दुसरीकडे, गुडघे पुन्हा पहिल्या दिशेला. शिल्पशास्त्रात मूर्तीच्या मधून जाणाऱ्या उभ्या सुताला ब्रह्मसूत्र म्हणतात. समभंगात शरीर त्या सुताच्या दोन्ही बाजूंना सारखं वाटलं जातं. त्रिभंगात ते एकदा इकडे सांडतं, एकदा तिकडे, आणि शेवटी बेरीज सुतावरच येते. सरळ उभ्या मूर्तीकडे आपण आदराने बघतो आणि त्रिभंगातल्या मूर्तीपाशी रेंगाळतो.

आजच्या नगरमध्ये मांडणीचं सगळ्यात चालू दुकान फ्लेक्सचं आहे. कुठल्याही चौकात मान वर करा. मधोमध भाऊ, हात जोडलेले, पुरुषभर उंचीचे. वरच्या पट्टीत वरिष्ठ नेते, त्यांचा आकार पदाप्रमाणे. खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून गोल चौकटीतले तीसेक चेहरे, सगळे एका मापाचे, कारण एक जरी मोठा झाला तर बाकीचे एकोणतीस दुकानात भांडायला येतात. नाकं मुरडायला हे सोपं आहे. पण महत्त्वाप्रमाणे आकार हा नियम जुना आहे. इजिप्तच्या भिंतींवर आहे, आपल्या देवळांत आहे, दरबारी चित्रांत आहे. फ्लेक्सवाला चुकतो तो मोकळ्या जागेच्या बाबतीत. त्याला रिकामी जागा म्हणजे वाया गेलेले पैसे वाटतात. गिऱ्हाइकालाही तसंच वाटतं. तांबडा, पिवळा, भगवा आणि चाळीस चेहरे एकाच पानावर कोंबले की सगळंच जड होतं, आणि सगळंच जड झाल्यावर भाऊंचं वजन उरत नाही. ज्यांचा वाढदिवस, तेच दिसेनासे होतात.

याच्या अगदी उलट टोकाचं चित्र डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. विषय निजामशाहीचाच, चित्रकार मात्र शत्रूकडचा. १६०० साली नगरचा किल्ला मोगलांनी घेतला, तरी मलिक अंबर या हबशी वजिराने निजामशाही जिवंत ठेवली आणि जहांगीर बादशहाला वर्षानुवर्षं झुंजवलं. साधारण १६१६मध्ये दरबारी चित्रकार अबुल हसन याने एक चित्र काढलं. जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे, गोल बैलावर, बैल माशावर. बादशहाने धनुष्य ताणलंय. समोर उभ्या भाल्यावर मलिक अंबरचं तोडलेलं मस्तक, त्यावर घुबड. वर आकाशात युरोपीय चित्रांतून उचललेली पंखांची बाळं बादशहाला शस्त्रं पुरवतायत. न्यायाची साखळी आहे, आणि तिथे चक्क तराजूही टांगलाय.

हिशेब मांडून बघा. एका बाजूला बादशहा, त्याचं तेजोवलय, त्याच्याखाली पृथ्वी, बैल आणि मासा. दुसऱ्या बाजूला एक काठी आणि एक डोकं. मापाने पाहिलं तर चित्र एकीकडे कलंडायलाच हवं. कलंडत नाही, कारण अबुल हसनला तोलाची सगळी गुपितं ठाऊक होती. डोकं मध्यापासून दूर आहे. ते एकटं आहे, भोवती फिक्या रंगाचा मोकळा पैस. ते गडद आहे. तो चेहरा आहे. आणि बादशहाची नजर, धनुष्य आणि बाण ही सगळी ताकद त्याच्याकडेच धावते. पानावर हवं तर अंगठा ठेवून डोकं झाका. पृथ्वीवर उभा असलेला बादशहा हवेत नेम धरणारा एक वेडगळ माणूस होतो.

चित्रकाराने हे जाणून केलं की हात आपसूक तसा गेला, कोण सांगणार? पण बादशहाला भव्य दाखवायचं, तर त्याच्यासमोर तेवढ्याच वजनाचा शत्रू ठेवावा लागला, हे पानावर दिसतं. जहांगीरने मलिक अंबरला आयुष्यात कधी पकडलं नाही. हे चित्र काढल्यानंतर आठ वर्षांनी, १६२४ साली, नगरजवळच भातवडीला मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही फौजांचा एकत्र धुव्वा उडवला. दोन वर्षांनी तो म्हातारपणाने वारला. मस्तक धडावरच होतं.